क्षमा केली, मग दावा मागे घ्यायचा का?

एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून थोडक्यात मजकूर असा: पतीच्या निधनानंतर मोठ्या दिरांनी खोट्या सह्यांच्या आधारे कौटुंबिक व्यवसायातला पतीचा हिस्सा स्वतःच्या नावावर करून घेतला. दोन मुलं अजून शिकत आहेत. घरात बोलून, विनवण्या करून काही हाती लागलं नाही, तेव्हा त्यांनी दिवाणी दावा लावला. दीर त्यांच्याच मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, 'वडील' (मंडळीचे पुढारी) म्हणून सेवा करतात, उपासनेत पुढे उभे राहून प्रार्थना चालवतात. पाळकसाहेब आणि सासरची माणसं म्हणतात, "तू क्षमा केलीस ना? मग कोर्टात कशाला? दावा मागे घे, देव बघून घेईल."

भगिनी लिहितात: "मी रोज रात्री दोन प्रार्थना करते. पहिली, प्रभू, भाऊजींना क्षमा कर. दुसरी, प्रभू, मला न्याय दे. मग शत्रूला शाप देणारं स्तोत्र १०९ उघडते आणि ते वाचताना मन हलकं होतं, ह्याची मलाच लाज वाटते. मध्यंतरी भाऊजी आजारी पडल्याचं कळलं, तेव्हा पहिल्या क्षणी मला आनंद झाला. तेव्हापासून मी उपासनेतलं भाकर-द्राक्षारसाचं प्रभुभोजन घेतलेलं नाही. माझी क्षमा खोटी आहे का? न्याय मागणं पाप आहे का?"

ताई,

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते, कारण ते सोपं आहे. न्याय मागणं पाप नाही. न खचता प्रार्थना कशी करत राहावी हे शिष्यांना सांगताना येशूने उदाहरण घेतलं ते एका विधवेचं. लूकच्या अठराव्या अध्यायातली ही बाई मंदिरात बसलेली नाही. ती न्यायाधीशाकडे खेपा घालते आहे आणि तिचं मागणं एकच आहे: माझ्या प्रतिवाद्याविरुद्ध मला न्याय द्या. न्यायाधीश देवाला न भिणारा, माणसांची पर्वा नसलेला. शेवटी तिच्या तगाद्याला कंटाळून तो निकाल देतो. तिने आधी प्रतिवाद्याला क्षमा केली होती का, असा प्रश्न त्या दाखल्यात कुणीच काढत नाही. आपल्याकडे हा दाखला 'चिकाटीने प्रार्थना करा' एवढ्यावर आटोपतात. त्या बाईला नेमकं काय हवं होतं, तिकडे उपदेशकाचं लक्ष क्वचितच जातं.

पहिला प्रश्न अवघड आहे. त्यात तुम्ही एक गोष्ट धरूनच चालला आहात: खरी क्षमा म्हणजे मनात राग नाही, हातात दावा नाही, आणि माणूस पूर्वीसारखा आपला. ह्यातलं एक जरी उरलं तरी क्षमा खोटी. हे समीकरण तुम्हाला कुणी शिकवलं? मला तरी ते पवित्र शास्त्रात सापडत नाही.

प्रेषित पौलाचं, आपला सहकारी तीमथ्य ह्याला लिहिलेलं दुसरं पत्र काढा, चौथा अध्याय. पौल कैदेत आहे, शेवट जवळ आल्याचं त्याला दिसतं आहे. आलेक्सांद्र नावाच्या तांबटाबद्दल तो लिहितो की ह्याने माझं फार वाईट केलं, प्रभू त्याच्या कृत्यांप्रमाणे त्याची फेड करील. लगेच पुढे तीमथ्याला बजावतो, तूही त्याच्यापासून जपून राहा. आणि त्याच्या पुढच्याच वचनात आपल्या पहिल्या जबाबाच्या वेळी सोडून गेलेल्यांची आठवण काढतो: कुणीही माझ्या बाजूला उभं राहिलं नाही, पण हे त्यांच्या हिशेबी धरलं जाऊ नये. पाठोपाठची तीनच वचनं आहेत ही. एका माणसाचा हिशेब देवाकडे सोपवलेला आहे, त्याच माणसाविषयी दुसऱ्याला सावध केलं आहे, आणि भीतीपोटी पळालेल्यांना मोकळं सोडलं आहे. आलेक्सांद्राने केलेलं नुकसान पौल झाकत नाही, त्याचं नाव घेऊन लिहितो. तरी सूड घेण्याचं काम स्वतःकडे ठेवत नाही. पौलाची क्षमा खोटी होती असं तुमच्या मंडळीत कुणी म्हणेल, असं मला वाटत नाही.

तेव्हा क्षमा करताना तुम्ही काय सोडता? त्या माणसाला दुखवण्याचा हक्क. त्याचं वाईट व्हावं ही मनीषा. झालेल्या घटनेचं सत्य मात्र तुम्ही सोडत नाही, आणि ज्याची वस्तू त्याला परत मिळावी हा आग्रहही नाही. उलट क्षमेला ते सत्य लागतंच. सह्या खोट्या नव्हत्याच असं म्हटलं, तर क्षमा करायला उरतं काय?

नातं पुन्हा जुळणं ही त्याहून वेगळी गोष्ट आहे आणि ती एकट्या तुमच्या हातात नाही. ख्रिस्ती परंपरेत ह्यावर दोन सूर ऐकू येतात. एक म्हणतो, समोरच्याने पश्चात्ताप केल्याशिवाय क्षमा पूर्ण होत नाही. त्याला आधार लूक १७:३, जिथे अपराध करणाऱ्या भावाचा आधी निषेध करायला सांगितलं आहे आणि पश्चात्ताप केल्यास क्षमा. दुसरा सूर मार्क ११:२५ दाखवतो: प्रार्थनेला उभे राहाल तेव्हा कुणाविरुद्ध काही असेल तर सोडून द्या. तिथे समोरच्याच्या पश्चात्तापाची अट नाही. मला दोन्ही वचनं एकमेकांशी भांडताना दिसत नाहीत. मार्कमधलं वचन देवासमोर तुमच्या मनात काय असावं ते सांगतं आणि ते आज, आत्ता करता येतं. लूकमधलं तुमच्या दोघांमध्ये काय घडायला हवं ते सांगतं, आणि त्यासाठी भाऊजींनी तोंड उघडायला हवं. ते गप्प आहेत, ह्याचा दोष तुम्ही स्वतःकडे घेऊ नका.

आता 'देव बघून घेईल' ह्याविषयी. असं म्हणणारे पौलाच्या रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायावर बोट ठेवत असणार: सूड घेऊ नका, देवाच्या क्रोधाला वाट द्या. वचन खरंच आहे. पण पवित्र शास्त्रातल्या अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकातली, पौलाने तर पत्र सलग लिहिलं. आणि पुढे काही ओळींतच तो म्हणतो की वाईट करणाऱ्याला शासन करणारा अधिकारी हा देवाचा सेवक आहे. म्हणजे देव बघून घेतो तो कधी कधी न्यायालयातूनही. न्यायालयं चुकतात, हे रोमी अधिकाऱ्यांचे फटके खाल्लेल्या पौलाला चांगलंच ठाऊक होतं. तरीही फिलिप्पै शहरात बेकायदा मारून तुरुंगात टाकल्यावर, सुटका होताना तो गुपचूप निघून गेला नाही. अधिकाऱ्यांनी स्वतः यावं आणि आम्हाला बाहेर न्यावं, असं त्याने ठणकावलं. पुढे कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दादही मागितली.

तुमच्यासमोर आणखी एक वचन ठेवलं गेलं असेल, आणि ते मी टाळणार नाही, कारण त्यात वजन आहे. करिंथकरांस पहिलं पत्र, सहावा अध्याय: भाऊ भावाविरुद्ध फिर्याद करतो, तेही अविश्वासी लोकांपुढे, त्यापेक्षा तुम्ही अन्याय का सोसत नाही, नाडले का जात नाही? हे सातवं वचन. ते मनावर घेऊन स्वेच्छेने हक्क सोडणारे ख्रिस्ती लोक सगळ्या काळात झाले आहेत. आमिश आणि जुन्या वळणाच्या मेनोनाइट ह्या ख्रिस्ती पंथांत कोर्टाची पायरी चढायची नाही असाच दंडक आहे. डोंगरावरच्या प्रवचनातला, अंगरखा मागणाऱ्याला बाह्यवस्त्रही देऊन टाकणारा मार्ग तो हाच. मी त्याची थट्टा करणार नाही. मात्र सातव्या वचनाच्या आधी पाचवं आहे आणि पुढे आठवं. पाचव्यात पौल मंडळीला लाज काढून विचारतो, भावाभावांचा निवाडा करील असा एकही शहाणा माणूस तुमच्यात नाही का? आठव्यात तो नाडणाऱ्यालाच सुनावतो: तुम्हीच अन्याय करता, तुम्हीच लुबाडता, आणि तेही भावांना. तुम्हाला सातवं वचन ऐकवणाऱ्यांनी भाऊजींना आठवं ऐकवलं का? आणि मंडळी म्हणून पाचवं पाळलं का? विधवेने सोसावं असं सांगताना आवाज चढतो आणि वडिलांना विचारताना घसा बसतो, ह्याला मी क्षमेची शिकवण म्हणत नाही.

शिवाय त्या हिश्श्यात मुलांचाही वाटा आहे. आपलं ते सोडायला तुम्ही मोकळ्या आहात. पोरक्या लेकरांचं सोडून देण्याची मुभा तुम्हाला कुणी दिली? यशयाच्या पहिल्या अध्यायात देव लोकांचे यज्ञ आणि प्रार्थना नाकारतो आणि त्याऐवजी काय हवं ते सांगतो. त्यात अनाथाचा न्याय आणि विधवेचा कैवार आहे.

क्षमा आणि शिक्षा शेजारी शेजारी कशा नांदतात, ह्याचं एक उदाहरण बहुतेकांना माहीत असतं. १३ मे १९८१ रोजी पोप जॉन पॉल दुसरे ह्यांच्यावर मेहमेत अली आग्जाने गोळ्या झाडल्या. चारच दिवसांनी पोपनी त्याला क्षमा केल्याचं जाहीर केलं, १९८३च्या डिसेंबरात तुरुंगात जाऊन त्याला भेटले. तरी आग्जा २००० सालापर्यंत इटलीच्या तुरुंगात होता. पण मला त्याहून जुनं एक पत्र जास्त भिडतं. इ. स. ४१२च्या सुमारास उत्तर आफ्रिकेत दोनातुसपंथी, म्हणजे मुख्य चर्चपासून फुटलेल्या ख्रिस्ती गटाच्या, टोळीने एका याजकाचा खून केला, दुसऱ्याचा डोळा फोडून बोट तोडलं. गुन्हा कबूल झाला. हिप्पोचे बिशप ऑगस्टीन ह्यांनी न्यायनिवाडा करणाऱ्या मार्सेल्लिनुसला लिहिलं. पीडित त्यांची माणसं होती. तरी ऑगस्टीन ह्यांनी गुन्हेगारांना सोडून द्या असं म्हटलं नाही, आणि डोळ्याबद्दल डोळाही मागितला नाही. त्यांना आवर घाला, उपयोगाच्या कामाला लावा, पण त्यांनी केलं तेच त्यांच्यावर करू नका, अशी विनंती केली. ताई, तुम्ही जे दोन मागण्यांत रोज रात्री विभागून मागता, ते इथे एकाच पत्रात आहे.

आता स्तोत्र १०९. आधी हे सांगते की त्याचा धसका घेणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. १९७१मध्ये कॅथलिक चर्चने दैनंदिन प्रार्थनाविधीची नवी मांडणी केली, तेव्हा ५८, ८३ आणि १०९ ही तीन स्तोत्रं त्यातल्या शापांमुळे पूर्णपणे गाळली. काही अभ्यासक म्हणतात की ६ ते १९ ह्या ओव्यांमधले शाप स्तोत्रकर्त्याचे नसून त्याच्या शत्रूंचे आहेत आणि तो फक्त ते देवाला ऐकवतो आहे. पटण्यासारखं आहे, पण मला त्यात जरा सुटका करून घेतल्यासारखं वाटतं. माझ्या मते ती स्तोत्रं तिथे असायलाच हवीत. ज्याला लुबाडलं आहे त्याच्या तोंडी शब्द नसतील तर तो काय करील? एक तर गप्प बसून आतल्या आत कुढेल, नाही तर उठून हात उगारेल. स्तोत्रकर्ता ह्यातलं काहीच करत नाही. मनातलं सगळ्यात विखारी तो देवाला सांगतो आणि देवापाशीच ठेवतो. शत्रूच्या घरी जाऊन म्हणत नाही.

फक्त एका ओवीपाशी थांबा. नववी. त्याची मुलं पोरकी होवोत, त्याची बायको विधवा होवो. हे वाचताना तुमचा आवाज कसा लागतो? त्याचा अर्थ तुम्हाला जितका ठाऊक आहे तितका आमच्यापैकी अनेकांना नाही. जाऊबाईंवर ती पाळी यावी असं तुम्हाला खरोखर वाटतं का? वाटत असेल तर तेही देवालाच सांगा, त्याला ते कळलेलं आहेच. वाटत नसेल, तर तुमचा राग कुठवर जातो आणि कुठे थबकतो ते तुम्हाला सापडलं. स्तोत्र मध्येच मिटू नका. शेवटच्या ओवीपर्यंत जा, तिथे परमेश्वर दीनाच्या उजवीकडे उभा आहे.

आजारपणाची बातमी ऐकून झालेल्या आनंदाबद्दल मी फार लिहिणार नाही. शत्रू पडला तर आनंद करू नको, असं नीतिसूत्रांत (२४:१७) सांगावं लागलं, कारण तो आनंद माणसाला होतोच. पहिल्या क्षणी मनात काय उसळलं त्यापेक्षा तुम्ही पुढे काय केलंत ते पाहा. तुम्हाला स्वतःचीच लाज वाटली आणि तुम्ही मला पत्र लिहिलंत.

तरी क्षमा खरी की वरवरची, हे तपासायला मी एक प्रश्न सुचवते. समजा उद्या भाऊजी दारात आले. म्हणाले, सह्या खोट्या होत्या, मी चुकलो. हिस्सा कागदोपत्री परत केला. त्यापलीकडे त्यांचं काहीच वाईट झालं नाही, अब्रू गेली नाही, दुखणं आलं नाही. तुम्हाला चालेल? की थोडं तरी भोगायला हवं होतं, असं वाटेल? निनवे शहर देवाच्या शिक्षेतून बचावलं म्हणून संदेष्टा योना रुसून बसला होता, तो ह्याच जागी अडकला होता. तुमचं उत्तर 'चालेल' असेल, अगदी दात ओठ खाऊन का होईना, तर तुमची न्यायाची प्रार्थना आणि क्षमेची प्रार्थना एकच गोष्ट मागते आहे. 'चालणार नाही' असेल, तर दावा मागे घेऊन ते दुखणं बरं होणार नाही. त्यासाठी वेगळा वेळ द्यावा लागेल, एखाद्या जाणत्या, तोंड मिटून ठेवणाऱ्या माणसाशी बोलावं लागेल.

म्हणून रात्रीच्या दोन प्रार्थना मी जोडून टाकीन. काहीशा अशा: 'प्रभू, जे घडलं ते उजेडात येऊ दे. माझ्या मुलांचं आहे ते मुलांना मिळू दे. भाऊजींना त्यांच्या लबाडीतून सोडव. त्यांना दुखवायची इच्छा मी आज तुझ्याकडे देते, उद्या परत मागायला आले तर देऊ नको.' प्रभूच्या प्रार्थनेचा क्रमही पाहा. 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे' हे म्हणायच्या आधी आपण 'तुझे राज्य येवो' म्हणतो. अन्याय तसाच राहू दे आणि राज्य येऊ दे, असं मागता येत नाही.

प्रभुभोजनापासून दूर राहू नका. वेदीपाशी दान ठेवून आधी भावाशी समेट कर, हे मत्तय ५:२३ तुम्ही स्वतःला लावून घेतलेलं दिसतं. ते वचन पुन्हा वाचा. भावाच्या मनात ज्याच्याविरुद्ध काही आहे, त्याला ते उठवून पाठवतं. दाव्यामुळे भाऊजींच्याही मनात तुमच्याविषयी अढी असेल, हे मी मान्य करते. पण तुम्ही समेटासाठी गेला होतात, विनवण्या केल्या होत्या, आणि दार तिकडून बंद झालं. आता उठून जायची पाळी कोणाची आहे?

आता प्रत्यक्ष करायच्या गोष्टी. पाळकसाहेबांशी तोंडी वाद घालू नका, त्यांना लेखी विनंती द्या. मत्तय १८ प्रमाणे मंडळीतल्या किंवा बाहेरच्या दोन-तीन निःपक्ष माणसांनी दोघांचे कागद पाहावेत. वडिलांवरच्या आरोपाचं काय करायचं, तेही पौलाने तीमथ्याला लिहून ठेवलं आहे (पहिलं पत्र, ५:१९-२१): दोन-तीन साक्षीदारांशिवाय आरोप ऐकू नये, पण ठरला तर सर्वांदेखत निषेध करावा आणि पक्षपात करू नये. चौकशी होईपर्यंत भाऊजींनी उपासना चालवू नये, एवढं मागणं मला वाजवी वाटतं. मंडळीने हे केलं आणि निवाडा लेखी झाला, तर दावा मागे घेण्याचा विचार जरूर करा, वकिलांचा सल्ला घेऊन, मुलांच्या वाट्याची नोंद झाल्यावर. नुसत्या 'बघू, देऊ' ह्या शब्दांवर नाही. जकातदार जक्कयाने पश्चात्ताप केला तेव्हा लुबाडलेलं चौपट परत करण्याचं बोलून दाखवलं होतं, आणि येशूने त्याला 'राहू दे' म्हटलं नाही.

दावा चालू राहिला, तर तुमची क्षमा कोर्टातच दिसायला हवी. वकिलांना स्पष्ट सांगा: जेवढं खरं तेवढंच मांडायचं, हिस्सा जेवढा तेवढाच मागायचा. भाऊजींची जुनी प्रकरणं, त्यांच्या घरातल्या कागाळ्या, ज्यांचा दाव्याशी संबंध नाही, त्या कितीही उपयोगी वाटल्या तरी आणायच्या नाहीत. मुलांसमोर काकांना शिव्या द्यायच्या नाहीत, पण मुलांनी विचारलं तर खोटंही सांगायचं नाही. आरोपाच्या गोष्टी मंडळीभर करत फिरायच्या नाहीत. येशूला महायाजकापुढे चपराक मारली तेव्हा त्याने उलट हात उचलला नाही, पण तो गप्पही राहिला नाही. मी वाईट बोललो असेन तर दाखवून दे, बरोबर बोललो असेन तर मारतोस का, असं त्याने विचारलं. साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहताना ह्याहून चांगला नमुना मला माहीत नाही.

तुमच्यासारखीच पत्रं मला अशाही बायकांकडून येतात ज्यांचा प्रश्न पैशांचा नसून मारहाणीचा, धमक्यांचा असतो, आणि त्यांनाही 'क्षमा कर आणि परत जा' असंच सांगितलेलं असतं. त्यांच्यासाठी एवढंच: आधी सुरक्षित जागी जा, पोलिसांना कळवा, विश्वासाच्या माणसांना सांगा. शौल राजा भाला फेकत होता तेव्हा दावीद पळून गेला. पुढे शौल हाती लागूनही त्याने त्याला मारलं नाही, पण त्याच्या घरी राहायलाही परतला नाही.

निकाल विरुद्धही जाऊ शकतो, ताई, कागद भाऊजींच्या बाजूने नीट रचलेले असतील तर. तसं झालं तर 'देवाने मला नाकारलं' किंवा 'मी कोर्टात गेले म्हणून शिक्षा झाली' असा अर्थ लावू नका, आणि दुसऱ्या कुणाला लावू देऊ नका. पुढे अपील करायचं का, हे त्या आठवड्यात ठरवू नका. आणि निकालाच्या दिवशी एकट्या जाऊ नका. जी मैत्रीण वचनं ऐकवणार नाही, नुसती शेजारी बसेल, तिला आत्ताच सांगून ठेवा.